महिन्याला ५०० रुपयांत वजन उतरवायचं असेल तर

भाऊ, प्रश्न नीट वाचला. वय २७, उंची ५ फूट ७, वजन ९२, जळगावला दालमिलच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची, जिमची फी परवडत नाही, प्रोटीन पावडरचा डबा त्याहून महाग आणि महिन्याला फार तर ५०० रुपये काढता येतील. मी पण दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस आहे त्यामुळे तुझी गत कळते. पण दालमिलमध्ये बसून प्रोटीन कुठून आणू विचारतोयस भो, हे वाचून हसू आलं, राग मानू नको.

५०० कुठे घालायचे ते नंतर सांगतो, आधी घरातलं तेल मोज. ५ लिटरचा कॅन उघडला की त्यावर तारीख टाक आणि किती दिवस पुरतो बघ. चार माणसांत महिन्यात संपत असेल तर हिशोब असा, ५ लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर, माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास, आणि तेलाचा एक ग्रॅम म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, त्यात बाहेरची कचोरी-भजी धरलीच नाहीत. आपल्याकडे तर्री दिसल्याशिवाय शेवभाजी झाली असं कोणी मानतच नाही ना. भरीत तर बिचारं गरीब आहे, भाजलेलं वांगं, पण फोडणीत पळ्यांनी तेल आणि सोबत पुऱ्या, मग काय होणार. घरात भांडण करायची गरज नाही, आईला सांग फोडणी चमच्याने मोजून घाल, पळीने नको. तेल निम्मं झालं तरी चव जात नाही, ठेचा आहे की.

दुसरं चहा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, झाली ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी, पोट भरत नाही ते वेगळंच. बंद कर म्हणत नाही, दोन कपांवर ये आणि साखर एक चमचा.

आता एक गोष्ट आपल्या लोकांना पटत नाही. भाकरी म्हणजे औषध नाही! ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात. आपली खान्देशी भाकरी म्हणजे केवढी असते तुला माहिती, एका भाकरीत तीन फुलके आरामात बसतात, आणि लोक डाएट म्हणून तीन-तीन भाकरी हाणतात. दादर ज्वारीची खा, कळण्याची खा, कळण्याची तर उत्तमच कारण ज्वारीत अख्खे उडीद दळलेले असतात म्हणजे प्रोटीन आपोआप वाढलं, पण जेवणाला एकच, उरलेलं पोट डाळ, उसळ, भाजी, काकडी, मुळा यांनी भर.

आता ५०० चं. सोयाबीन वडी रोज ५० ग्रॅम, त्यात २५ ग्रॅम प्रोटीन, महिन्याला दीड किलो लागते, सुटी घेतलीस तर दोनशेच्या आसपास बसते. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायची आणि मग रश्श्यात टाकायची, न पिळता टाकली तर वास येतो आणि लोक वडीला शिव्या घालतात. अंडी चालतात म्हणालास तर एक दिवसाआड दोन उकडून, तेही दोनशेच्या आसपास. उरलेल्यात फुटाणे. डाळ तर तुमच्याकडे फुटकी स्वस्तात मिळत असेल, प्रोटीन तेवढंच असतं, फक्त दिसायला वाईट. भाकरी, दोन वेळची डाळ, वडी, अंडी, मूठभर फुटाणे मिळून दिवसाला ७० ग्रॅमच्या वरखाली जातं, तुला सध्या पुरे. वजन उतरवताना प्रोटीन कमी पडलं आणि अंगाला जोर दिला नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात, मग माणूस बारीक होत नाही, नुसता सुकतो.

पहिल्या महिन्याचे ५०० मात्र खायला नको, त्यात अजून दोनशे टाकून साधे पण मऊ तळाचे बूट घे. ९२ किलो घेऊन चपलेत चालशील तर टाच आणि गुडघा धरेल आणि आठ दिवसांत घरी बसशील. चालायला मेहरूण तलाव आहेच, फुकट आहे. तासभर दमात चाललास तर तुझ्या वजनाला तीनशेच्या आसपास कॅलरी जातात, पळू नको इतक्यात. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो तेव्हा सातच्या आत घरी ये. काही जण त्या उन्हात जॅकेट घालून घाम काढतात, तो घाम म्हणजे पाणी आहे, दोन तांबे प्यायलं की परत आलं, उलट चक्कर येऊन पडशील.

आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका. जमिनीवर जोर निघणार नाहीत, हरकत नाही, आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर. बैठका खुर्चीवर बसून उठ इथपासून सुरू कर. पाठीसाठी पिशवीत पाच किलो काहीतरी भरून वाकून कमरेपर्यंत ओढायची. दर आठवड्याला एखाद-दोन वाढव, तेच तेच दहा करत राहिलास तर शरीर ढिम्म हलत नाही. आते करसू मंग करसू वाल्यांनी संध्याकाळचा बेत करूच नये, कामावरून आलं की काही होत नाही.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरेल, त्यात पाणीच जास्त, पेढे वाटू नको. नंतर आठवड्याला अर्धा किलो म्हणजे चांगलं चाललंय. काटा रोज बघू नको, शिंप्याची टेप घे, बेंबीजवळ माप, पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या आत यायचंय. आणि एकदा सरकारी दवाखान्यात बीपी-शुगर बघून घे, या वजनाला ते लवकर कळलेलं बरं.

लग्नसराईत बट्टीला, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांना, नाही म्हणता येत नाही, आग्रहच तसा असतो. वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी आधी घे, बट्टी दुसऱ्या वाढपाला मागच नको. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुरणाचे मांडे खा बिनधास्त, एक दिवसाने काही होत नाही, पुढचे चार दिवस उरलेलं पुरण संपवायला बसू नको एवढंच. साबुदाण्याच्या उपासाबद्दल मात्र बोलतच नाही, तो उपास नाही.

आणि वजन कमी करायचा तो ऑनलाइन चहा मागवू का विचारलंस, नको. केळं सोडू का विचारलंस, का सोडतोस? एका केळ्यात १०० च्या आसपास कॅलरी, जळगावात स्वस्तात मिळतं, चारच्या कचोरीच्या जागी दोन केळी खाऊन बघ. फक्त शिकरण नको.