'तसेच'वर किती भिस्त ठेवावी?

प्रश्न : आमच्या वस्तीतील सार्वजनिक अभ्यासिका उन्हाळ्यात रात्री आठऐवजी दहापर्यंत उघडी ठेवावी, असा अर्ज मी महानगरपालिकेकडे करणार आहे. मसुदा वाचून ताई म्हणाली, की कारणे पटतात, पण ती सुटी सुटी वाटतात. म्हणून मी जागोजागी 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'म्हणून' घातले, तर अर्ज आणखीच कंटाळवाणा झाला. काय चुकते आहे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या मसुद्यात 'तसेच' सहा वेळा आले आहे. उभयान्वयी अव्यये, म्हणजे शब्द किंवा वाक्ये जोडणारे शब्द, आपण शाळेत पाठ केली, परंतु समुच्चय, न्यूनत्व, परिणाम, कारण असे त्यांचे प्रकार परीक्षेपुरतेच लक्षात ठेवले. वास्तविक दोन विधानांत कोणते नाते आहे, हे त्या प्रकारांतच सांगितलेले असते. 'तसेच' फक्त बेरीज करते. त्यामुळे पंख्यांची तक्रार आणि परीक्षार्थींची अडचण एकाच पंक्तीला बसतात आणि मुख्य कारण कोणते, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

'म्हणून'चे दुखणे वेगळे आहे. आपण लिहिता, "नागपुरात उन्हाळा कडक असतो, म्हणून अभ्यासिका दहापर्यंत उघडी ठेवावी." उन्हाळ्याचा आणि रात्री दहाचा संबंध आपल्या मनात आहे, कागदावर नाही, तो नसताना 'म्हणून' लिहिणे म्हणजे खांबाविना पूल बांधणे. हेच असे लिहून पाहावे : "मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) तर दुपारी घराबाहेर पडवत नाही; त्यामुळे विद्यार्थी ऊन उतरल्यावरच अभ्यासिकेत येतात व त्यांना जेमतेम दोन तास मिळतात; म्हणून वेळ दहापर्यंत वाढवावी." येथे 'म्हणून' काढून टाकले, तरी अर्थ तुटत नाही. जोडणारा शब्द योग्य ठिकाणी आला आहे की नाही, हे ताडण्याची माझी कसोटी हीच आहे.

मन वळवण्याच्या लेखनात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते 'पण' आणि 'जरी–तरी'. "मुलांची सोय होईल, पण विजेचा खर्च वाढेल" आणि "विजेचा खर्च वाढेल, पण मुलांची सोय होईल" या दोन वाक्यांत माहिती एकच असली, तरी पहिले नकाराकडे झुकते आणि दुसरे होकाराकडे, कारण भार नेहमी 'पण'च्या पुढे पडतो. आपण खर्चाचा उल्लेखच टाळला आहे. तो अधिकाऱ्याच्या मनात येणारच. तेव्हा "खर्च थोडा वाढेल हे खरे, तरीही" असे म्हणून आपणच तो आधी मांडावा.

शेवटचे "सबब विनंती की" मात्र राहू द्यावे. सरकारी कागदांत मुरलेला हा शब्द जुनाट वाटला, तरी कारणे संपली आणि मागणी सुरू झाली, हे लिपिकाला त्यावरून लगेच कळते. फक्त दुसऱ्या परिच्छेदातही आपण तो वापरला आहे, तेथून काढावा.