वसईचा किल्ला खरंच कंटाळवाणा आहे का? आईचे गुडघे दुखतात, तिला घेऊन जाता येईल का?

चढ नसलेली, आईला झेपेल आणि आठ वर्षांच्या मुलाला 'इथे लढाई झाली' असं दाखवता येईल अशी जागा कोकण किनाऱ्यावर कुठे, असं तुम्ही विचारलंय. पुढे लिहिलंय, "वसईचा किल्ला सपाट नि कंटाळवाणा आहे असं ऐकलं." हे आमच्या नणंदेच्या यजमानांकडून ऐकलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

भावोजी पुण्याचे. रविवार उजाडला की पाठीला सॅक लावून सह्याद्रीत. एका डिसेंबरात सगळे आमच्याकडे वसईला जमले होते. सासूबाईंचे गुडघे तुमच्या आईसारखेच, म्हणून म्हटलं किल्ल्यात फिरून येऊ. भावोजी डांबरी रस्त्याने तरातरा किल्लाबंदरच्या जेट्टीपर्यंत गेले. वाटेत वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांच्या पुतळ्याला नमस्कार, पडक्या चर्चमध्ये चार फोटो, आणि परत येऊन म्हणाले, "झालं? चढ कुठाय? ही बाग आहे वहिनी, किल्ला नव्हे."

बहुतेक लोक एवढंच बघतात. पण लढाई त्या रस्त्यावर झालीच नाही! किल्ल्याच्या बाकी बाजूंना समुद्र, खाडी, दलदल. जमिनीवरून भिडायचं तर उत्तरेकडूनच. १७३९च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत मराठे तिथे किल्ल्यातल्या पोर्तुगीजांशी झुंजत होते. उघड्या रेताड जमिनीवर, तटावरच्या तोफांच्या तोंडी, मोर्चे (म्हणजे आडोसे) बांधत इंचइंच पुढे सरकायचं, तटाच्या पायाशी पोचायचं आणि सुरुंग ठासायचे. सेंट सेबॅस्टियनचा बुरूज असाच उडवला आणि त्या खिंडारातून मराठे आत घुसले. सगळे सुरुंग एका वेळी उडाले नाहीत. काही मागाहून उडाले, तोवर आपलीच माणसं वर चढली होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ मराठ्यांकडचे मेलेले नि जखमी मिळून ५,०००च्या वर सांगतो, पोर्तुगीजांचे ८००.

मी भावोजींना हात धरून (म्हणजे जवळजवळ) उत्तरेच्या तटाकडे नेलं आणि हे सगळं ऐकवलं. डोंगरी किल्ल्यावर अंधाराचा फायदा घेऊन कड्यावरून चढता येतं. इथे तोफेपासून लपायला साधा धोंडा नाही. सपाट आहे म्हणूनच तर वसई घ्यायला एवढी माणसं खर्ची पडली. त्यावर ते म्हणतात, "पण शेवटी तहच केला ना?" केला. १६ मेला कलमं ठरली, २३ मेला पोर्तुगीज शस्त्रांसकट, वाजतगाजत बाहेर पडले. पण तह झाला कशामुळे? खिंडार पडलं म्हणूनच ना! आणि गंमत बघा, वसईहून नेलेली घंटा बघायला भावोजी वाईजवळ मेणवलीला आवर्जून जातात. घंटा चालते, ती जिथून आली ती जागा मात्र 'बाग'.

आमचं हे चालू असताना सासूबाई म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या, मी निघते," आणि काठी टेकत तटाच्या कडेकडेने हळूहळू बऱ्याच पुढे गेल्या. वाटेत दोनदा बसल्या, पण कुरकुर नाही. तेव्हा तुमच्या आईंना जमेल. फक्त तटावर चढणाऱ्या पायऱ्या झिजलेल्या आहेत, तिथे त्यांना नेऊ नका. मुलालाही एकट्याला वर सोडू नका, कठडे सगळीकडे नाहीत.

मुलाला आणखी दाखवण्यासारखं म्हणजे दर्या दरवाजा, नागेश्वराचं देऊळ आणि गोन्सालो गार्सियाचं चर्च. तिथे अजून मिस्सा (ख्रिस्ती उपासना) होते. हा गार्सिया वसईचाच, १५९७ साली जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. पेशव्यांनी इंग्रजांशी केलेला १८०२चा वसईचा तह मुलाला शाळेत शिकवतीलच. दुसऱ्या बाजीरावाबद्दल मी तोंड उघडत नाही.

अलिबागचा कुलाबाही ओहोटीत चालत जाण्यासारखा आहे, पण पाण्याची वेळ सांभाळत ओल्या वाळूतून गुडघेदुखीवाल्या माणसाला नेणं मला पटत नाही.

वसई रोडला पश्चिमेला उतरा, रिक्षा किंवा बस मिळते. सकाळी लवकर या, अकरानंतर ऊन टाळूवर येतं. पाणी घरून आणा. मच्छर आहेत. पावसाळा संपल्या संपल्या नको, तेव्हा उत्तरेच्या बाजूला गवत कंबरेएवढं असतं आणि खाली काय आहे दिसत नाही, डिसेंबर-जानेवारी बरा. किल्लाबंदरला बोंबील वाळत घातलेले असतात, फोटोसाठी त्यांच्या काठ्यांना हात लावू नका, कोळणी ऐकवतात आणि बरोबर ऐकवतात.

आणि बरोबर कुणी 'चढ कुठाय' विचारणारं असेल, तर आधी उत्तरेला न्या. जेट्टी शेवटी.