चकव्याची वाट आणि वेतोबाच्या चपला

इनव्हर्नेस, स्कॉटलंड

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

कोकणातून, आजीच्या घरून, तू पाठवलेला निरोप परवा रात्री मिळाला. फोनवर बोलता आले असते, पण तू जे विचारले आहेस ते चार वाक्यांत संपणारे नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. मामेभावाने तुला ‘मुंज्या’ हा चित्रपट दाखवला, त्याच रात्री आजीने आजोबांना सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, वाट फिरवणारा चकवा लागल्याची हकिकत सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने जागेची राखण करणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. हे सगळे एका दिवसात पाहिल्यावर तू विचारतेस, ‘आई, मराठी माणसे हे खरे मानतात का? आजीचे ऐकून मी हसायचे की घाबरायचे?’

आधी हसण्याविषयी लिहिते. गेल्या उन्हाळ्यात आपण नेस सरोवराच्या काठी बसलो होतो, तेव्हा त्यातला ‘नेसी’ नावाचा राक्षसी प्राणी दिसावा म्हणून दुर्बीण लावून तासभर पाण्याकडे पाहणाऱ्या एका कुटुंबाला तू हसली होतीस. त्या वेळी मी काही बोलले नाही. आता सांगते, कारण आपल्या घराजवळचा तो प्राणी आणि आजीच्या घराजवळचा चकवा यांची कहाणी मला एकाच जातीची वाटते.

2 मे 1933 रोजी आपल्या याच गावच्या ‘इनव्हर्नेस कुरियर’ या वर्तमानपत्रात एक बातमी आली. सरोवराच्या बाजूने मोटारीने जाणाऱ्या एका दांपत्याला पाण्यात मोठी खळबळ दिसली, आणि देवमाशासारखे काहीतरी अंग वळवताना दिसले, असे तीत म्हटले होते. लांब मानेचा त्या बातमीत पत्ताही नव्हता. ती मान नंतर आली. त्याच वर्षी ‘किंग काँग’ हा चित्रपट झळकला होता आणि त्यात पाण्यातून माणसांच्या अंगावर धावून येणारा लांब मानेचा एक डायनासोर होता. त्या उन्हाळ्यापासून लोकांच्या वर्णनांत मान दिसू लागली ती या चित्रपटामुळे, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पटते. पुढच्या वर्षी, 21 एप्रिल 1934 रोजी, लंडनच्या ‘डेली मेल’ने ते प्रसिद्ध छायाचित्र छापले, ज्यात पाण्यावर एक डौलदार मान उभी आहे. खेळण्यातल्या पाणबुडीवर घडवून बसवलेली ती मान होती, हे 1994 साली उघड झाले. तरी आजही तुझ्या शाळेच्या सहलीत विकत घेतलेल्या पेल्यावर तीच मान आहे. उलगडा होऊन इतकी वर्षे गेली, पण लोकांच्या मनात चित्र राहिले आणि उलगडा राहिला नाही. हे लक्षात ठेव, कारण आपल्याकडेही नेमके हेच घडले आहे.

त्या सरोवरात काय आहे, हे शोधायलाही माणसे उतरली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी 2018 साली सरोवराच्या निरनिराळ्या ठिकाणांहून आणि खोलींवरून पाण्याचे सुमारे 250 नमुने घेतले आणि त्यांत सजीवांनी मागे सोडलेला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस मिळाला नाही, ईल माशांचा मात्र भरपूर मिळाला. तळाशी एक राक्षस मात्र खरोखरच सापडला आहे. शेरलॉक होम्सवरच्या एका चित्रपटासाठी बनवलेला सुमारे 9 मीटर लांबीचा पुतळा 1969 साली चित्रीकरणाच्या वेळी बुडाला होता, तो 2016 साली पाण्याखालच्या यंत्रमानवाने शोधून काढला. पडद्यासाठी घडवलेले भूत पाण्याच्या तळाशी खरेखुरे पडून आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

आता सड्यावर येऊ. आजोबांची हकिकत मी लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. शिरोड्याच्या बाजारातून परतायला उशीर झाला, म्हणून त्यांनी सड्यावरची जवळची वाट धरली. आभाळ भरलेले होते, चंद्र नव्हता, आणि हातातला कंदील वाऱ्याने विझला. अर्धा तास चालल्यावर ज्या दगडाला ठेच लागली होती, तोच दगड पुन्हा पायाशी आला. ते पुन्हा निघाले आणि पुन्हा तेथेच आले. मग चकवा लागला आहे हे ओळखून ते त्या दगडावर बसले आणि कोंबडा आरवेपर्यंत हलले नाहीत. त्यांना काही दिसले नाही, कोणी हाक मारली नाही, कोणी अंगावर आले नाही. ऐकून तुला कदाचित निराशा वाटली असेल, पण जुन्या माणसांच्या चकव्याला रूप नसतेच. तो फक्त वाट फिरवतो.

आजोबा खोटे बोलत नव्हते. जर्मनीतल्या ट्युबिंगन येथील माक्स प्लांक संस्थेत काम करणाऱ्या यान सूमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना जर्मनीतल्या मोठ्या जंगलात आणि काही जणांना ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितले होते. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आले तेव्हा ती वळत वळत आपल्याच वाटेवर परत आली, आणि तसे झाल्याचे त्यांना कळलेही नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र ढगाआड जाताच वळला आणि आला त्या दिशेने परत निघाला. डोळे बांधून चालवले तेव्हा काही जणांची वर्तुळे अवघ्या 20 मीटर व्यासाची होती. एक पाय आखूड असल्यामुळे असे होते ही समजूतही टिकली नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे वळत होता. ‘सरळ’ म्हणजे कोणती दिशा, याचा आपला अंदाज पावलागणिक थोडा थोडा चुकत जातो, आणि ती चूक दुरुस्त करायला दूरची खूण लागते. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार असते. त्यावर पायवाट उमटत नाही, झाड विरळ आणि रात्री खूण म्हणून काही नाही. चकव्याच्या इतक्या हकिकती सड्यावरच्याच का, याचे उत्तर मला येथे मिळाले.

आणि बसून राहण्याचा तो जुना उपाय मला आजही शहाणपणाचा वाटतो. येथल्या डोंगरांत वाट चुकलेल्यांनाही मदत पथकवाले जागेवर थांबायलाच सांगतात. कारण समजले नसले, तरी काय करावे हे आपल्या माणसांना अनुभवाने बरोबर कळले होते.

मुलांनी रात्री बाहेर जाऊ नये म्हणून मोठ्यांनी भुते निर्माण केली, असे पुष्कळ लोक सांगतात, आणि तुझा मामाही तेच सांगेल. मला ते पुरते पटत नाही. सड्यावर खरा धोका फुरशाचा आहे, आणि तो सांगायला भुताची गरज नाही, विजेरी हातात दिली की पुरे. भुतांच्या गोष्टी माणसांना खरोखर आलेल्या अनुभवांतून उगवल्या असाव्यात, असे मला वाटते. मध्यरात्री कौलांवर कोणीतरी धावते, ते बहुतेक वेळा उदमांजर असते. अंधारात दोन दिवे लुकलुकतात, ते मांजराच्या किंवा बिबट्याच्या डोळ्यांमागच्या, प्रकाश परतवणाऱ्या पडद्यामुळे. पडक्या घरातून पांढरे काहीतरी अजिबात आवाज न करता डोक्यावरून जाते आणि मग किंचाळते, ते गव्हाणी घुबड. त्याच्या पिसांच्या कडेला बारीक दाते असतात, त्यामुळे पंख हवा कापताना आवाज होत नाही, आणि खालून त्याचे पोट व बदामाच्या आकाराचा चेहरा फिकट पांढरा दिसतो. पहाटे जाग येते, पण हात हलत नाही आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, याचाही उलगडा झालेला आहे. स्वप्ने पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, आणि कधी कधी मन त्यांच्या आधी जागे होते. मला स्वतःला हा अनुभव दोनदा आला आहे. कारण माहीत असूनही दुसऱ्या वेळी मी घाबरलेच होते.

मुंजाचे मात्र वेगळे आहे. मुंज झाली, पण ब्रह्मचर्य संपवणारी सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा वारला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. पिंपळच का, हे तू त्याच्या पारावर संध्याकाळी बसून पाहा. त्याच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, त्यामुळे दुसरी झाडे स्तब्ध असतानाही पिंपळ सळसळत राहतो आणि वर कोणी कुजबुजत असल्याचा भास होतो. झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पूर्वजांनी तेथे भूत सांगितले, असे ‘शास्त्रीय’ उत्तर तुला कोणीतरी देईल. ते मानू नकोस. मोकळ्या हवेत झाडाच्या श्वासाने कोणाला काही होत नाही. शास्त्राच्या भाषेत सांगितलेले उत्तरही तपासून घ्यावे लागते.

आवाजाचे कारण कळले, तरी मुंजाची सगळी गोष्ट त्यात संपत नाही. ज्या काळात घरोघरी लहान मुले दगावत, त्या काळातल्या आईबापांनी आपला मुलगा अजून गावातच, ओळखीच्या झाडावर आहे असे मानले असेल, असा विचार माझ्या मनात येतो, आणि मग मला भीतीऐवजी वाईट वाटते. आदित्य सरपोतदार यांच्या 2024 सालच्या चित्रपटातला मुंज्या संगणकावर घडवलेला, दात विचकणारा, लग्नासाठी हट्ट धरून बसलेला आहे. चित्रपट म्हणून तो रंगतदार आहे आणि तू तो मजेत पाहावास. पण पडद्याला रूप लागते, आणि रूप दिले की दुसरे काही दिसेनासे होते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पांढऱ्या साडीतली बाई. आजीच्या लहानपणच्या गोष्टींत हडळ ओळखायची ती उलट्या पावलांवरून. पांढरी साडी, हातात मेणबत्ती आणि दुरून येणारे गाणे ही मला तरी हिंदी चित्रपटांची देणगी वाटते. 1949 च्या ‘महल’मध्ये जिला भूत समजले जाते, ती शेवटी माळ्याची जिवंत मुलगी निघते. 1964 च्या ‘वो कौन थी?’मध्ये पावसातली ती पांढऱ्या साडीतली बाई एका कारस्थानाचा भाग असते. म्हणजे या चित्रपटांनी कोडे स्वतःच सोडवले होते. लोकांनी सोडवणूक विसरून साडी तेवढी जपली, आणि त्यानंतर घाटात ज्यांना काही ‘दिसले’, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना पांढरी साडीच दिसली. पेल्यावरची ती मान आठवते ना?

‘तुंबाड’ तू मोठी झाल्यावर पाहशील. 2018 सालचा तो चित्रपट इतका प्रभावी आहे, की त्यातला हस्तर हा कोकणातला जुना देव आहे असे आता अनेकांना वाटते. तो चित्रपटासाठी रचलेला आहे. आजीला विचार, तिने ते नाव लहानपणी कधी ऐकले नसेल.

आता राखणदाराकडे वळते, कारण तुझ्या प्रश्नात तोही भुतांच्या रांगेत बसला आहे आणि तेथे तुझी चूक होते आहे. मामाने घातलेले गाऱ्हाणे नीट आठव. ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करून त्याने घरातल्या प्रत्येकाचे नाव घेतले असेल, परदेशातून आलेल्या लेकराला सांभाळ असे सांगितले असेल, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले असेल. त्यात भीती कोठे होती? ज्या जमिनीवर आपण राहतो तिचा आपल्याआधीचा कोणी मालक आहे, त्याला सांगून-विचारून राहावे, अशी ती रीत आहे. मी राखणदार खरा मानत नाही. तरीही माहेरी गेल्यावर मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणते, आणि ते मनापासून म्हणते, कारण त्या यादीत माझे नाव घेतले जाते.

वेताळाचेही तसेच आहे. 1985 साली दूरदर्शनवर विक्रम आणि वेताळाची मालिका लागे, तेव्हा राजाच्या पाठीवर बसलेला तो पांढऱ्या केसांचा वेताळ आम्हा मुलांना भूत म्हणून परिचयाचा झाला. ती कथाही जुनीच आहे, संस्कृतातली. पण आजीच्या घरापासून जवळच, आरवलीला, वेतोबा हा गावाचा रक्षणकर्ता देव आहे. तो रात्री गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा असल्यामुळे लोक त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात.

एके ठिकाणी मात्र मी आजीचेही ऐकणार नाही, आणि तूही ऐकू नकोस. एखाद्या माणसालाच भूतबाधा झाली असे म्हणून त्याला मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे किंवा एखाद्या बाईला चेटकीण ठरवणे हे गोष्टीपुरते राहत नाही, तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी तो कायदा झाला. ते दुर्बोध काही सांगत नव्हते, पुरावा मागा एवढेच सांगत होते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की काही मराठी माणसे हे खरे मानतात, काही मानत नाहीत, आणि माझ्यासारखी पुष्कळ माणसे न मानताही त्यांतल्या काही रीती पाळतात. आजीला हसू नकोस, आणि घाबरूही नकोस, तिला प्रश्न विचार. ती रात्र अमावास्येची होती का, कंदील कोठे विझला, तो दगड कोणता, हे तिला अजून आठवत असेल.

मामाला सांगून एकदा दिवसाउजेडी त्या सड्यावर जाऊन ये. मोकळ्या जागी मामाला शेजारी ठेवून डोळ्यांवर रुमाल बांध, शंभर पावले सरळ चाल, आणि कोठे पोहोचलीस ते मोजून मला कळव. मग आरवलीला जा, आणि वेतोबाच्या जुन्या चपला पाहायला मिळाल्या तर त्यांचे तळवे झिजलेले आहेत का, तेही पाहा. लोक ते झिजतात असे म्हणतात. मी लहानपणी देवळात कितीदा तरी गेले, पण वाकून पाहायचे मला कधी सुचले नाही.

आजीला माझा नमस्कार सांग.

तुझी
आई