रात्री दोनला हंबरणारी टाकी

प्रश्न : भाऊ, आमची सोसायटी ठाण्यात. सात मजली इमारत, आम्ही दुसऱ्यावर. घरात दोघंच, मी 71 ची, हे 76 चे. तीन महिने झाले, रात्री कुणी गेलेलं नसतानाही संडासातून गाय हंबरावी तसा आवाज येतो. दहाएक सेकंद चालतो आणि बंद. यांनी उशाशी घड्याळ घेऊन मोजलं, साधारण 40 मिनिटांनी पुन्हा येतो. प्लंबरने टाकीत पाणी येतं तो व्हॉल्व्ह दोनदा बदलला. नवा बसवला की पंधरा दिवस शांत, मग परत तेच. आता तो म्हणतो, कमोड जुना झाला, अख्खा सेट बदला, थोडी फरशी फोडावी लागेल. खालच्या बाई विचारतात, रात्री मिक्सर कशाला लावता?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, फरशीला हात लावू देऊ नका. कमोड हे चिनी मातीचं भांडं आहे, ते म्हातारं झालं म्हणून हंबरत नाही. आणि आधी तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. 34 वर्षं मी इमारतींच्या पाण्याची कामं केली. ‘आवाज कधी येतो?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘सारखाच येतो’ म्हणून मोकळे होतात. तुमच्याकडे 40 मिनिटं आणि दहा सेकंद असे दोन आकडे आहेत. निम्मं काम तिथेच झालं.

कुणी फ्लश केला नाही तरी टाकी दर 40 मिनिटांनी भरायला लागते, म्हणजे तेवढ्या वेळात थोडं पाणी गुपचूप निसटतंय. तुमच्या टाकीत दोन बिघाड आहेत, एक चोर आणि एक बोंबल्या. चोर तळाशी बसलाय. बटण दाबल्यावर जो भाग वर उचलला जातो, त्याच्या बुडाला रबराची नाहीतर सिलिकॉनची रिंग असते. ती नीट बसत नसली की पाणी भांड्यात झिरपतं, इतकं बारीक की भांड्याच्या कडेवर दिसतही नाही. पातळी बोटभर उतरली की पाण्यावर तरंगणारा फ्लोट खाली येतो, वरचा व्हॉल्व्ह जरासा उघडतो आणि बोंब मारतो. प्लंबरने दोन्ही वेळा बोंबल्याला बदललं. चोर जागच्या जागी.

आवाज हंबरल्यासारखाच का, तर व्हॉल्व्ह सताड उघडा असताना पाणी सरळ वाहतं. पण पाव-अर्धा मिलिमीटरच्या फटीतून जोरात घुसू लागलं की आतलं रबर थरथरतं, आणि ती थरथर पाइपातून भिंतीत उतरते. खालच्या बाईंना मिक्सर वाटला यात त्यांची चूक नाही. रात्रीच जास्त का? गच्चीवरची टाकी तुमच्यापासून सुमारे 18 मीटर उंच. उभ्या पाण्याचा दर 10 मीटरला साधारण 1 किलो दाब पडतो, म्हणजे तुमच्या नळावर पावणेदोन-दोन किलो. दिवसा अख्खी इमारत पाणी ओढते तेव्हा तो उतरतो. रात्री दोनला पुरा दाब तुमच्या एकट्या व्हॉल्व्हवर येतो.

हे सगळं मी ठाण्याला न येता बोलतोय, म्हणून आज झोपण्यापूर्वी ताडून पाहा. टाकीत चमचाभर खायचा लाल रंग टाका. रंग नसेल तर बीट किसून पिळा. अर्धा तास कुणीही फ्लश करायचा नाही. भांड्यातलं पाणी गुलाबी झालं, तर टाकीतून पाणी निसटतंय हे नक्की. मग भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा छोटा नळ, बंद करा, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ मारा आणि झोपा. सकाळी पाणी रेघेच्या खाली गेलेलं दिसलं, तर चोर सापडला. रात्रभर हंबरणंही ऐकू येणार नाही. मात्र पातळी रेघेवरच राहिली, तर गोष्ट वेगळी. मग वरचाच व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जादा पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीत जातं. पण तेव्हा आवाज बारीक ‘सूं’ असा आणि अखंड येतो, घड्याळ लावल्यासारखा नाही. म्हणून माझा कौल पहिल्यालाच.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. कॉक बंद, टाकी रिकामी. बटणाभोवतीची रिंग सोडवून झाकण काढायचं. मधला उभा खांब बहुतेक टाक्यांत डावीकडे पाव वळसा दिला की हातात येतो. त्याच्या बुडाची रिंग अंगठ्याने चोळून पाहा. काजळासारखं काळं बोटाला लागलं तर रबर मेलं. तुम्ही टाकीत निळी वडी टाकता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण मला दाट शंका आहे. त्यातल्या क्लोरीनच्या जातीच्या वड्या रबर खातात. वास हवा असेल तर भांड्याला लटकवायची वडी आणा, टाकीत काही टाकू नका. रिंग धड असेल तर ती जिथे बसते त्या कडेवरून बोट फिरवा. खरखर लागली तर क्षार जमलाय. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर ठेवून पुसून घ्या. ॲसिड मुळीच नको. रिंग घ्यायला जाताना जुनी सोबत न्या, दहा कंपन्यांची दहा मापं असतात.

नवा व्हॉल्व्ह पंधरा दिवसांत बिघडतो, कारण त्याला उसंतच नाही. दर 40 मिनिटांनी किंचित उघडतो, त्या फटीत गाळाचा कण अडकतो. चोर पकडल्यावर व्हॉल्व्हचं टोपण काढून रबर धुवा. मग त्याच्यावर पेला उपडा धरून कॉक क्षणभर उघडा, कण निघून जातील. पेला विसरलात तर छताला अभिषेक. शेवटी कॉक पुरा न उघडता अर्धाच ठेवा. टाकी भरायला मिनिटभर जास्त लागेल, पण पाण्याचा जोर मरतो आणि गायही गप्प होते.

गळतीचा हिशेबही सांगतो. अशा टाकीत मिनिटाला 3 लिटर पाणी येतं असं धरलं, तर दहा सेकंदांत अर्धा लिटर. दिवसातून 36 वेळा, म्हणजे 18 लिटर. रोजची एक मोठी बादली.

यजमानांना वाकायला लावू नका. प्लंबरलाच बोलवा, पण लाल रंगाचं पाणी त्याला आधी दाखवा. आणि कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर करू नका, त्याचीच दांडी गळायला लागते. तसं असलं तर सोसायटीच्या डक्टमधला, म्हणजे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतला, कॉक बंद करून घ्या.

प्रश्न : टाकी भरून थांबते तेव्हा भिंतीत ‘धाड’ असा एकच ठोका बसतो. पाइप फुटेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाहतं पाणी एकदम अडवलं की ते धडक मारतं. पाइप भिंतीला घट्ट बांधलेला नसला तर तोच भिंतीवर आपटतो. लगेच फुटत नाही, पण सांधे ढिले होतात. डक्टमध्ये उतरून, म्हणजे कुणालातरी उतरवून, पाइप भिंतीला धरणारे क्लॅम्प तपासा आणि टाकीचा कॉक थोडा आवळा. माझ्या स्वतःच्या घरी हा ठोका वरच्या मजल्यावरच्या पोराच्या क्रिकेटचा समजून मी दोनदा भांडून आलो होतो. क्लॅम्प आमचाच तुटला होता. पोराला कॅडबरी द्यावी लागली.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो. न्हाणीत बादली ओतली की कमोडमध्ये गुडगुड होते आणि बुडबुडे येतात.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टाकीला हात लावू नका, ती निर्दोष आहे. पुढे वाट तुंबलीय आणि कोंडलेली हवा कमोडमधून बाहेर पडतेय. आधी बाहेरचं चेंबर पाहा, मग गच्चीवर निघालेला हवेचा पाइप. त्यात पक्ष्याचं घरटं किंवा माडाच्या झावळीचा तुकडा निघतो. चेंबर कोरडं दिसलं तर तुंबा घर आणि चेंबरच्या मध्ये आहे. भरलेलं दिसलं तर पुढे, शोषखड्ड्याकडे. मैल्याच्या टाकीचं झाकण उघडायची वेळ आली तर गाडी बोलवा. आत कुणी उतरायचं नाही, दोर बांधूनही नाही. आतला वायू डोळ्यांना दिसत नाही आणि माणूस दोन श्वासांत पडतो.