डब्यावरचे वॉट आणि मीटरवरचे युनिट

प्रश्न : माझ्या संगणकातील ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बिघडला. दुकानदार ६०० वॉटचा बसवायला सांगतो. त्यामुळे विजेचे बिल वाढेल का? (राजारामपुरी)

वाढणार नाही. एसएमपीएसवर लिहिलेला आकडा हा तो जास्तीत जास्त किती वीज पुरवू शकतो याचा असतो. प्रत्यक्षात वीज तेवढीच ओढली जाते, जेवढी प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क आणि पंख्यांना लागते. टायपिंग, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असलेला साधा डेस्कटॉप एलईडी मॉनिटरसह साधारण ८० वॉट घेतो, असे धरू. तो रोज आठ तास आणि महिन्याला २६ दिवस चालला, तर सुमारे १७ युनिट होतात.

वॉटपेक्षा लेबलवरील १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजच्या संगणकाचा बहुतेक भार तिथेच असतो. वर ४५० छापलेले आणि त्या रकान्यात १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे कामाचे २१६ वॉटच हाती लागतात. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर माझा भरवसा नाही. '८० प्लस' (कमी वीज वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला ४५० वॉटचा एसएमपीएस आपल्याला पुरेसा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवायचे असेल, तरच पुढचा विचार करावा.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसमध्ये कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की काही जाणवत नाही. संगणक बदलावा का? (शिवाजी उद्यमनगर)

संगणक बदलू नका, आधी अर्थिंग तपासून घ्या, आणि तेही आजच. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून आणि एक न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो आणि आपण हात लावला की तो प्रवाह आपल्यातून वाट काढतो. हा प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आतील एखाद्या वायरचे आवरण फाटून फेज पत्र्याला टेकली, तर त्याच वाटेने जीव जाईल. चप्पल हा त्यावरचा उपाय नव्हे.

वायरमनला सॉकेटवर व्होल्ट मोजणारा मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. एवढ्यावर समाधान मानू नका, बोर्ड उघडून आत पाहा. काही ठिकाणी अर्थची वायर न ओढता सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडलेले आढळतात. मीटरला ते बरोबर दिसते, परंतु मागे कुठे न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर पूर्ण फेज येते. असा तुकडा दिसला तर तो ताबडतोब काढायला लावा, अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नका आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

आपल्याकडे लेथचे काम चालत असल्यास आणखी एक गोष्ट करावी. हवेतील लोखंडाची बारीक धूळ वीजवाहक असते, त्यामुळे प्लग काढून, कॅबिनेट बाहेर नेऊन ते नियमित ब्लोअरने साफ करावे. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

प्रश्न : ६०० व्हीएचा यूपीएस अर्धा तास चालेल असे सांगून विकला, सात मिनिटांतच संगणक बंद होतो. (इचलकरंजी)

६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॉट नव्हेत. अशा यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॉटच्या आसपास असते. शिवाय यूपीएस किती वेळ टिकेल, हे त्या आकड्यावर नव्हे, तर बॅटरीवर ठरते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॉट-तास साठतात. १२० वॉटच्या भाराला कागदावर ४२ मिनिटे मिळतात, मात्र झपाट्याने उपसल्यावर बॅटरी तेवढे देत नाही आणि काही वीज यूपीएसमध्येच खर्च होते. त्यामुळे नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटे मिळाली तरी ठीक म्हणावे. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर तेवढीच बदलावी. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडला असल्यास तो आधी काढावा, कारण त्यातील हीटर एका झटक्यात शेकडो वॉट ओढतो.

प्रश्न : रात्री शटडाउन करावे की संगणक चालू राहू द्यावा? (कागल)

शटडाउन करावे. नुसता चालू ठेवलेला संगणक ५० वॉट घेत असेल, तर १२ तासांच्या रात्रीचे ०.६ आणि महिन्याचे १८ युनिट होतात. घरगुती बिल १०० किंवा ३०० युनिटच्या टप्प्याला टेकलेले असेल, तर हेच युनिट वरच्या दराने लागतात. स्क्रीनसेव्हरने काहीही वाचत नाही. जेवणापुरते उठताना स्लीप पुरे, त्यात दोन-चार वॉटच जातात. मात्र वळवाच्या दिवसांत ढग दाटले की प्लग काढावा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी, कारण विजेचा झटका तिच्यातूनही मदरबोर्डपर्यंत येतो.