कामाप्रमाणे कपडे निवडताना
गोव्याच्या दमट हवेत कृत्रिम धाग्याचा शर्ट लवकर वाळतो, म्हणून तो घेण्याचा मोह तुम्हाला होईल. परंतु वेल्डिंग शिकणार असाल तर तो मुळीच घेऊ नका, कारण ठिणगी पडताच असे कापड वितळून कातडीला चिकटते. त्याऐवजी जाड सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तळाशी न दुमडलेली, बुटांवरून येणारी पँट घालावी. गवंडीकामात ओले सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे कातडी भाजते आणि वेदना बऱ्याचदा उशिरा जाणवते, तेव्हा रबरी हातमोजे व गमबूट हवेतच. बुटात माल, म्हणजे कालवलेले ओले सिमेंट, शिरल्यास पाय तत्काळ धुवावा. यंत्राने चिरे कापणाऱ्याने ढगळ बाह्या टाळून धूळ रोखणारा मास्क व चष्मा वापरावा. वायरमनने अंगठी, कडे काढून ठेवावे. सुरक्षा बुटांवर मात्र आयएस १५२९८ ही भारतीय मानकाची खूण अवश्य पाहा, आणि पावसाळ्यात मोज्यांचा कोरडा जोड जवळ ठेवा.