साड्यांखालची फाइल

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मिरजेतून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचे नंबर आणि वेळा त्याला तोंडपाठ, पण वर्गात एकही मित्र नाही. गणपतीत ढोल वाजायला लागले की कानांवर हात ठेवून पलंगाखाली जाऊन बसतो. गणित अर्धं असताना बाईंनी वही बंद करायला सांगितली की रडून आकांत करतो. गेल्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी 'ऑटिझम स्पेक्ट्रम, लेव्हल १', म्हणजे त्यातल्या त्यात कमी मदत लागणारा, असं लिहून दिलं. पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे, असंही म्हणाले. सासूबाई म्हणतात, तू नोकरी केलीस, पोराशी बोलायला घरात कोणी नव्हतं. मिस्टर म्हणतात, मीपण लहानपणी असाच होतो, त्याला काही झालेलं नाही. फाइल मी साड्यांच्या खाली ठेवली आहे. रात्री रडू येतं. माझं काय चुकलं? हे त्याला आणि शाळेला सांगायचं का?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या त्या साड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. आमच्याकडे ती फाइल माळ्यावर होती, जुन्या मिक्सरच्या खोक्यात. माझा मुलगा आता २६ वर्षांचा आहे. निदान झालं तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. मेंदूची ही घडण जन्माआधीपासूनची असते आणि तिच्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. १९५०-६० च्या काळात अमेरिकेत डॉक्टरच आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणायचे. आई थंड, म्हणून मूल असं. ते साफ खोटं ठरलं, पण तोवर कित्येक बायकांची वर्षं त्या ओझ्याखाली गेली. सासूबाई नकळत तेच बोलताहेत. उद्या कोणी लसीचं नाव घेईल. लसीमुळे ऑटिझम होतो असा संशय घेणारा १९९८ चा तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. त्या वाटेला जाऊच नका.

मिस्टरांशी वाद घालू नका. 'मीपण असाच होतो' हे ते खरंच सांगत असतील. एखाद्या संध्याकाळी एवढंच विचारा, मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे बसायचात? मी आमच्या घरी हे विचारलं, तेव्हा हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाण्याच्या टाकीमागे. रोज." त्या दिवसापासून ते मुलाच्या बाजूला आले.

नावाचा गोंधळ मनातून काढून टाका. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांविषयी लिहिलं आणि १९८१ मध्ये ब्रिटनच्या लोर्ना विंग यांनी त्यांचं नाव रूढ केलं. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी हे वेगळं निदान बंद करून ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं. नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्जर यांनी काही मुलांना जिथे मुलं मारली जात त्या संस्थेकडे पाठवल्याचं कागदपत्रांतून पुढे आलं आहे, म्हणूनही अनेकांना ते नाव नकोसं झालंय. तुम्ही ऑटिझम म्हणा. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तोच शब्द आहे.

रडू येतं तर रडा. डॉक्टरांकडून परतताना रिक्षात मी पदर तोंडात धरून रडले होते. घरी आल्यावर मुलाने रोजच्यासारखा दहीभात मागितला, दही वेगळ्या वाटीत. त्याच्यासाठी त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं.

आता सांगण्याचं. इथे माझ्या हातून चूक झाली आणि ती अजून सलते. मी सहा वर्षं लपवलं. चौदाव्या वर्षी त्याला बोनाफाइड शोधताना ती फाइल सापडली. जमिनीवर बसून त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "आई, यात माझं वजन चुकीचं लिहिलंय." दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत असताना ओट्याशी येऊन उभा राहिला. "शाळेत मी मुद्दाम त्रास देत नव्हतो, हे तुला तेव्हाच माहीत होतं?" माहीत होतं. त्यालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो स्वतःला वाईट मुलगा समजत होता.

म्हणून तुमच्या मुलाला सांगा, याच सुट्टीत. मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते, हे बहुधा तो तुम्हालाच शिकवेल. मीटर गेजची गाडी बिघडलेली नसते, तिचा रूळ वेगळा असतो, तिथून सुरुवात करा. पण तेवढ्यावर थांबू नका. ही मुलं शब्द जसेच्या तसे घेतात. 'तुझा मेंदू वेगळ्या पद्धतीने काम करतो, त्याला ऑटिझम म्हणतात, म्हणून तुला ढोल सहन होत नाहीत आणि म्हणूनच गाड्या इतक्या पाठ राहतात,' असं सरळ सांगा. प्रश्न लगेच येणार नाहीत. चार दिवसांनी, भलत्याच वेळी येतील.

कोणी 'पूर्ण बरा करतो' म्हणून स्टेम सेलचे वगैरे पैसे मागितले, तर उठून या. हा आजार नाही. स्पीच थेरपी (बोलण्या-संवादासाठी), ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमण्यासाठी) यांनी रोजचं जगणं सोपं होतं, त्यावर खर्च करा.

शाळेला सांगाच. 'समजून घ्या' एवढं म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. नेमकं मागा : वही बंद करायच्या पाच मिनिटं आधी बाईंनी त्याला सांगावं, ढोल-लेझीमच्या सरावाला सूट द्यावी, बाक दारापासून लांब असावा. सोबत यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं, तर पुढे दहावीला जादा वेळ आणि गरज पडल्यास लेखनिक मिळू शकतो. शाळेचा अर्ज लेखी द्या, दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. ती पोच फाइलमध्ये लावा, आणि फाइल मुलाच्या कपाटात ठेवा.